काळ्या जमिनीत डिटेक्टर खोल जात नाही? सेटिंग तपासायची रीत

हवेत धरली तर अंगठी वीतभर लांबून वाजते, आणि तीच शेतात पाच इंच पुरली की मशीन मुकं. नाशिक भागात मेटल डिटेक्टर घेतलेला बहुतेक जण कधी ना कधी ही तक्रार करतो. निफाड घ्या, दिंडोरी घ्या, सिन्नर घ्या, गोष्ट एकच. द्राक्षाच्या डिपिंगला (घड औषधाच्या द्रावणात बुडवताना) हात दिवसभर ओले, बोटातली अंगठी केव्हा सरकली ते कळत नाही. संध्याकाळी लक्षात येतं आणि मग ओळखीतून कुणाचा तरी डिटेक्टर येतो. तो आणणारा पहिली गोष्ट कोणती करतो, तर सेन्सिटिव्हिटी (मशीन किती बारीक सिग्नल ऐकेल ते ठरवणारी सेटिंग) पूर्ण वर. मशीन पावलापावलाला किंचाळायला लागतं, दोन ओळी फिरून होतात, चार ठिकाणी उगाच खणलं जातं आणि शेवटी "भाऊ, मशीनच डुप्लिकेट दिसतंय" असा निकाल लागतो.

मशीन डुप्लिकेट असू शकतं, पण बहुतेक वेळा नसतं. आपल्या जमिनीत खोली वाढवायची तर सेन्सिटिव्हिटी वर नाही, खाली न्यावी लागते. तीही ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा सिग्नल वजा करायची सेटिंग) नीट केल्यावर, आणि हवेत नव्हे तर जमिनीत चाचणी घेऊन. हे का आणि कसं ते सविस्तर लिहितो. इथलं सगळं साध्या व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रीक्वेन्सी) मशीनला धरून आहे, कारण आपल्याकडे लोकांच्या हातात बहुतेक तेच असतं.

त्रास विजेचा आहे की मातीचा?

कुठल्याही सेटिंगला हात लावायच्या आधी एवढं करा. शेतात उभं राहून कॉइल (दांड्याच्या खालच्या टोकाची चकती) कमरेएवढी उचलून स्थिर धरा. अजिबात हलवू नका. तरीही मशीन टकटकत असेल तर मातीचा काही संबंध नाही, त्रास विजेचा आहे. स्थिर धरल्यावर गप्प आणि जमिनीवरून फिरवताना बडबड, तर दोष मातीचा किंवा ग्राउंड बॅलन्सचा.

विजेच्या त्रासात आपल्याकडचा सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे झटका मशीन. रानडुकरं, जनावरं येऊ नयेत म्हणून बांधावर तार लावलेली असते, तिच्यात साधारण सेकंदाला एक झटका जातो. डिटेक्टर त्याच लयीत टक्, टक्, टक् करतो. घड्याळासारखी ठरावीक लय ऐकू आली की खणू नका, शेजाऱ्याला विचारून झटका बंद करून घ्या. दुसरा नंबर मोटारीच्या स्टार्टरचा आणि विजेच्या तारांचा. शेतावरून लाइन जात असेल तर बऱ्याच मशीनमध्ये फ्रीक्वेन्सी किंवा चॅनेल बदलायची सोय असते, ती वापरा. काही मशीनला नॉइज कॅन्सल नावाचं बटण असतं. ते दाबताना कॉइल हवेत स्थिर धरायची. खरं तर थ्री-फेज लाइट गेल्यावर शोधणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि लोडशेडिंगचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

खिशातला मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच करत नाही.

याच टप्प्यावर कॉइलचं झाकण काढून बघा. कॉइलखाली जे प्लास्टिकचं कव्हर असतं त्यात बारीक माती जाऊन बसते. आपल्या मातीत लोखंडाची कणी असल्यामुळे ती माती आत हलली की खोटे सिग्नल येतात. कव्हर धुवा, वाळवा, मग बसवा. कॉइलची वायर दांड्याला सैल लोंबत असेल तर ती घट्ट गुंडाळून टेप मारा. सैल वायर हलली तरी आवाज येतो.

आपली माती वेगळी का वागते

नाशिकचा सगळा खडक दख्खनच्या बेसाल्टचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात मॅग्नेटाइट जातीची खनिजं असतात आणि खडक झिजून माती झाली तरी ती तशीच राहतात. पटत नसेल तर चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळलेल्या मातीतून ओढा. पिशवीला काळी बारीक कणी मिशीसारखी चिकटते. पिशवी उलटी करून ती कणी कागदावर घ्या, म्हणजे तुमच्या शेताची कुंडली कागदावर.

डिटेक्टर कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र सोडतो आणि जमिनीतून काय परत येतं ते ऐकतो. ही कणी प्रत्येक इंचात असल्यामुळे मातीचाच सिग्नल अंगठीच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा येतो. सेन्सिटिव्हिटी वाढवली की अंगठीसोबत मातीही तितकीच मोठ्यानं ओरडते. अंगठीचा आवाज त्या गदारोळात बुडतो. पार वर नेली तर काही मशीनची आतली सर्किटच भरून जाते आणि मशीन प्रत्यक्षात कमी ऐकायला लागतं.

वस्तू कॉइलपासून लांब गेली की तिचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घातानं पडतो. जाताना क्षेत्र अंतराच्या घनानं कमी होतं, परत येताना पुन्हा घनानं. म्हणजे खोली दुप्पट करायची तर ६४ पट सिग्नल हवा. उलट बाजूनं, सिग्नल दुप्पट केला तरी खोली वाढते ती फक्त १२ टक्के. सहा इंचांची पावणेसात इंच. सेन्सिटिव्हिटीच्या शेवटच्या दोन रेघांसाठी जीव काढण्यात काय अर्थ आहे ते यातून कळावं. त्यापेक्षा कॉइल जमिनीपासून दोन इंच वर धरायची सवय सोडली तर दोन इंच फुकट मिळतात. गवत वाढलेलं असेल तर आधी कापा.

उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, त्याचा त्रास वेगळाच. कॉइल भेगेवरून गेली की तेवढ्यापुरती मातीच नसते, मातीचा सिग्नल एकदम पडतो आणि लगेच चढतो. मशीनला वाटतं काहीतरी आहे. असा सिग्नल तुटक असतो, एका दिशेनं येतो, नव्वद अंशांत वळून फिरवलं की गायब. भेगेत अंगठी पडलेली असू शकते हेही खरं, म्हणून भेगांच्या शेतात टॉर्च घेऊन डोळ्यांनी बघणं आधी. वीटभट्टीची जागा, जुनी चूल, जिथं कधीकाळी पाचट जाळलं ती जागा, इथंही मशीन वेडं होतं, कारण भाजलेल्या मातीचा चुंबकीय गुण वाढतो. विटेचा तुकडासुद्धा धातूसारखा वाजतो.

जमिनीत चाचणी घ्यायची ती अशी

हवेतली चाचणी मशीन चालू आहे की बंद एवढंच सांगते. खड्डा खणून त्यात अंगठी ठेवून वर माती लोटणं हीसुद्धा फसवी चाचणी आहे, कारण उकरलेली माती आणि दबलेली माती यांचा सिग्नल सारखा नसतो. माती न हलवता वस्तू आत नेता आली पाहिजे.

त्यासाठी दीड इंची पीव्हीसी पाइपचा दोन-अडीच फुटी तुकडा पुरतो. मोटारीच्या किंवा ठिबकच्या कामातून असा तुकडा घरात पडलेला असतोच. बांधाजवळची, पण तार, अँगल, पाइपलाइन यांपासून लांबची जागा निवडा. आधी मशीन फिरवून ती जागा गप्प आहे याची खात्री करा. मग पहारीनं तिरकं, ४५ अंशांत भोक पाडा, त्यात पाइप ठोका आणि पहार लांब नेऊन ठेवा. आता पाइपच्या आतल्या टोकाच्या वर जी माती आहे तिला कुणी हात लावलेला नाही. तिरक्या पाइपमध्ये दहा इंच आत म्हणजे सरळ खोली सात इंच, गुणाकार ०.७ नं.

बांबूच्या काडीचं टोक तिरकं तासा, त्यावर अंगठी कागदी टेपनं चिकटवा. टोक तिरकं असल्यामुळे काडी पाइपात गेली की अंगठी जमिनीला समांतर आडवी बसते. हे महत्त्वाचं आहे, कारण आडवी अंगठी उभ्या अंगठीपेक्षा पुष्कळ चांगली वाजते. दोन्ही प्रकारे तपासून बघा, फरक पाहून चकित व्हाल. काडीवर दर इंचाला पेननं खूण करा.

चाचणीला रुपयाचं नाणं वापरू नका. आपली एक आणि दोन रुपयांची नाणी स्टीलची आहेत, चुंबकाला चिकटतात. गोदाघाटावर पोरं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात ती याच कारणानं. डिटेक्टरला ती लोखंडासारखी दिसतात, तेव्हा त्यावर लावलेली सेटिंग सोन्याला कामाची नाही. पाच रुपयांचं पिवळं, चुंबकाला न चिकटणारं नाणं चालेल. पण हरवलेली वस्तू जशी आहे तशीच दुसरी वस्तू मिळाली तर उत्तम. लेडीज अंगठी हरवली असेल तर घरातली दुसरी लेडीज अंगठी घ्या. सोन्याची साखळी शोधायची असेल तर मनाची तयारी ठेवा: साखळी मशीनला एक वस्तू म्हणून दिसत नाही, सुट्या बारीक कड्या म्हणून दिसते. बऱ्याचदा वाजते ती साखळी नव्हे, तिचा फासा. तुटलेल्या अंगठीचंही तसंच, वेढा तुटला की आवाज बराच पडतो.

काडी स्वतः धरू नका. घरातल्या पोराला पाइपापाशी बसवा आणि सांगा की तुला वाटेल तेव्हा आत घाल, वाटेल तेव्हा काढ, मला सांगू नको. तुम्ही हेडफोन लावून, तिकडे न बघता कॉइल फिरवायची आणि "आहे" किंवा "नाही" एवढंच बोलायचं. पोरगं वहीत टिकमार्क करतं. वस्तू तिथं आहे हे माहीत असलं की कानाला नसलेला आवाजही ऐकू येतो, डिटेक्टर वापरणाऱ्या कुणालाही विचारा. पोराच्या हातात कडं, पायात पैंजण वगैरे नको. जोडवी घातलेली माउली पाइपाच्या जवळ उभी असली तरी गोंधळ होतो.

एका वेळी एकच सेटिंग बदला. एकदम तीन बदलल्या आणि फरक पडला तर तो कशानं पडला हे कधीच कळणार नाही.

कुठली सेटिंग आधी

ग्राउंड बॅलन्स सर्वांत आधी, आणि त्याला घाई नको. स्वच्छ जागेवर कॉइल जमिनीपासून इंचभर ते वीतभर अशी वरखाली करत राहा. खाली नेताना आवाज वाढतो किंवा वर उचलताना वाढतो, म्हणजे बॅलन्स बसलेला नाही. दोन्हीकडे सारखा झाला की बसला. ऑटोमॅटिक असेल तर बटण दाबून धरून हेच करायचं. ठिबकखालचा ओला पट्टा आणि दोन ओळींमधली कोरडी जमीन यांना वेगळा बॅलन्स लागतो, त्यामुळे पट्टा बदलला की पुन्हा करा. ट्रॅकिंग नावाची सोय मात्र चाचणीच्या वेळी बंद ठेवा. ती चालता चालता बॅलन्स बदलत राहते, आणि एकाच बारीक सिग्नलवरून पाच-सहा वेळा कॉइल फिरवली तर त्या सिग्नललाच माती समजून पुसून टाकते. पहिल्यांदा वाजलं, नंतर वाजेना, ही तक्रार बहुतेक इथून येते.

मग सेन्सिटिव्हिटी. शून्यापासून नव्हे, मध्यापासून सुरू करा आणि कॉइल स्वच्छ जमिनीवर फिरवत एकेक पायरी चढवा. जिथं मशीन बडबडायला लागेल तिथून दोन पायऱ्या खाली या. आता पाइपमध्ये अंगठी वाजते ती सर्वांत खोल जागा वहीत लिहा. नंतर पूर्ण वर नेऊन पुन्हा तीच परीक्षा घ्या. काळ्या जमिनीत बहुतेक वेळा खालच्या सेटिंगला जास्त खोली मिळते आणि चुकीचे "आहे" कमी होतात. मुरमाड, हलक्या जमिनीत निकाल वेगळाही येईल, म्हणूनच चाचणी आपल्याच शेतात घ्यायची.

डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको तो धातू गाळायची सेटिंग, हा खोलीचा छुपा शत्रू. लोखंड नको म्हणून लोक ते वाढवतात. पण आपल्या मातीत खोलवरची अंगठी मशीनला बऱ्याचदा लोखंडाच्या बाजूला सरकलेली दिसते, आणि तुम्ही लोखंड गप्प केलं की तीही गप्प. खोली मोजताना ऑल मेटल मोड, डिस्क्रिमिनेशन शून्य. खिळे वाजतील, वाजू द्या. धातू ओळखायला स्क्रीनवर जो आकडा येतो, तो जवळच्या वस्तूचा विश्वासाचा असतो, खोल वस्तूचा नाही. शिवाय औषधाच्या बाटल्यांची अ‍ॅल्युमिनियमची सीलं बागेत जागोजागी पडलेली असतात आणि सोन्याच्या अंगठीचा आकडा नेमका त्याच टप्प्यात येतो. अ‍ॅल्युमिनियम गाळायला गेलात की सोनं गाळलं. सीलं उचलत जाणं याला पर्याय नाही, आणि बाग स्वच्छ होते ते वेगळंच.

थ्रेशोल्ड (मशीनचा सतत चालणारा मूळ आवाज) अगदी मंद गुणगुण ऐकू येईल एवढाच ठेवा. खोल वस्तू आवाज करत नाही, त्या गुणगुणीत किंचित फुगवटा आणते. तो स्पीकरवर वाऱ्यात ऐकू येणार नाही, हेडफोन हवाच.

फ्रीक्वेन्सी बदलता येत असेल तर बारीक सोन्याला वरची आणि जाड चांदी-तांब्याला खालची, हा ढोबळ नियम. रिकव्हरी स्पीड (एक सिग्नल संपवून दुसरा ऐकायला तयार व्हायचा वेग) मंद केला तर स्वच्छ जमिनीत थोडी खोली वाढते, खिळ्यांच्या जागेत उलटा परिणाम होतो. कॉइल फिरवायचा वेग डावीकडून उजवीकडे साधारण एका सेकंदात एक फेरी. फार हळू फिरवली तर ही मशीन वस्तू सोडतात, फार जोरात फिरवली तरी सोडतात.

मोठी कॉइल घ्यावी का, हा प्रश्न नेहमी येतो. मोठी कॉइल मोठी वस्तू खोलवर पकडते, पण एका वेळी जास्त मातीही बघते. काळ्या जमिनीत अंगठीसाठी मधल्या मापाची डीडी कॉइल (आत दोन डी-आकाराची वेटोळी असलेली) बरी. डीडीचं क्षेत्र मधल्या रेषेत पात्यासारखं उतरतं म्हणून मातीचा गोंधळ कमी होतो. जुन्या गोल कॉन्सेंट्रिक कॉइलचं क्षेत्र खाली निमुळतं होत जातं, तिची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढली पाहिजे, नाहीतर खोलवर मोकळे पट्टे सुटतात. पल्स इंडक्शनची मशीन (क्षेत्र झटक्याझटक्यानं सोडणारा वेगळा प्रकार) असली माती फार चांगली झेलतात, पण लोखंड आणि सोनं वेगळं सांगण्यात कच्ची असतात. द्राक्षबागेत तारेचे तुकडे इतके, की दिवसभर खणत बसाल.

मांडवाखाली

बागेत लोखंडी अँगल आणि जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारा यांनी मशीनचं डोकं फिरतं. कॉइल खालीच बघते असं नाही, वरही तेवढीच बघते. त्यामुळे फेरी ओळीला समांतर मारा, आडवी नको. समांतर फिरताना तारेपासूनचं अंतर बदलत नाही आणि मशीन तिला सरावतं. अँगलच्या हातभर परिघात लहान कॉइल लावा, नसेल तर तेवढी माती हातानं चाळा. खरड छाटणीनंतर फुटवे नसतात, मांडवाखाली वावरायला मोकळं असतं. ज्यांना घाई नाही त्यांनी तोवर थांबायला हरकत नाही, फक्त मधे रोटाव्हेटर घालू नका. दोन इंचांवरची अंगठी रोटाव्हेटरनं सहा इंचांवर जाते आणि चार ओळी पुढेही जाते.

गुप्तधनासाठी सेटिंग विचारणारेही भेटतात. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला होता, त्यातली बरीच गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप मारून पुन्हा चालवलेली. त्या गोष्टीनं अजून काहींची झोप उडते. पण १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवावं लागतं, आणि पांडवलेणी, गोंदेश्वर अशा संरक्षित जागांच्या आसपास मशीन काढायचंच नाही. देवळालीच्या फायरिंग रेंजकडे तर जिवावरचं काम आहे. शंभर फुटांवरचं सोनं दाखवणाऱ्या काड्या आणि अँटेना विकणारे सरळ फसवतात. वरचा सहाव्या घाताचा हिशेब त्यांना विचारून बघा.

आता एवढं सगळं करूनही पाइपमधली अंगठी पाच इंचांखाली वाजत नाही असं दिसलं, तर ती तुमच्या मशीनची त्या जमिनीतली हद्द समजा आणि माती हलवा. जिथं हरवली असण्याची शक्यता जास्त ती जागा दोरीनं आखा. वरची तीन इंच माती फावड्यानं ओढून शेजारी ताडपत्रीवर पसरा, ताडपत्रीवरच्या मातीवर एकदा मशीन फिरवा, मग उघड्या पडलेल्या जमिनीवर बॅलन्स नव्यानं करून पुन्हा फिरवा. वाफसा असताना हे करायचं. चिखलात फावडं चालत नाही आणि ढेकळं झाली की अंगठी ढेकळात अडकून तुमच्या डोळ्यांदेखत बाजूला जाते. ढेकूळ फोडूनच पुढे सरका.